माळुंगणच्या खांबाला पाठ

रथसप्तमीला माळुंगणात आलात तर मधल्या माळावर एक गंमत बघायला मिळते. दुपारी चारला खो-खोचा सामना असतो, दरबार कॉलेज विरुद्ध लोकसेवा कॉलेज. पण सामन्याआधी दोन्ही प्राचार्य, चांगले कोट घातलेले, पोटं सुटलेले, पीएच.डी. झालेले, पायांतले बूट काढून अनवाणी मैदानात उतरतात. एक पूर्वेच्या खांबाकडे जातो, एक पश्चिमेच्या. मग लोकांकडे तोंड करून खांबाला पाठ लावतात, पाय पुढे सरकवतात आणि अंगाचा सगळा भार मागे सोडून देतात. म्हैस झाडाला अंग घासते ना, थेट तसंच दिसतं ते. नवा पाहुणा हसतोच. खुशाल हसावं. गाव मात्र हसत नाही.

आणि यातही एक मेख आहे. पश्चिमेच्या खांबाच्या पाचरी दरबारचा कप्तान ठोकतो, पण त्याला पाठ लावतात लोकसेवाचे प्राचार्य. पूर्वेच्या खांबाचं बरोबर उलटं. ज्याच्या पोरांनी रोवला त्याने टेकायचं नाही, समोरच्याने टेकायचं. असं का, हे विद्यापीठाच्या नियमावलीत शोधू नका, सापडणार नाही. ते केरबा सुतारापासून सुरू झालं.

केरबा संस्थानी अमदानीतला. तेव्हा कॉलेजं नव्हती, दोन शाळा होत्या. टेकडीवर राजेसाहेबांचं दरबार हायस्कूल, आणि खाली बाजारात व्यापाऱ्यांनी आणि बारा बलुतेदारांनी वर्गणी काढून उभं केलेलं लोकसेवा विद्यालय. दरबारची पोरं लाल सदऱ्यात, लोकसेवाची निळ्या. आता शाळा म्हणजे विद्येचं घर, तिथे भांडायचं काय कारण? पण गावाला कारण लागत नाही, निमित्त लागतं. बघता बघता सगळं माळुंगण दुभंगलं. दरबारवाल्याचं दळण लोकसेवावाल्याच्या जात्यावर पडेना. न्हावी दोन झाले, हलवाई दोन झाले, मारुतीच्या देवळात प्रदक्षिणा घालायच्या वेळासुद्धा वाटून घेतल्या. एका लोकसेवावाल्याने म्हणे मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण होणाऱ्या जावयाचा चुलता दरबारमध्ये शिकला होता. जावई नव्हे, जावयाचा चुलता!

वर्षातून एकदा, रथसप्तमीला, हे सगळं मधल्या माळावर उकळायचं. आदल्या वर्षी तर सामना संपायच्या आत काठ्या निघाल्या आणि चौदा डोकी फुटली. राजेसाहेब तसे मवाळ स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांनी चावडीवर दवंडी पिटवली. पुढच्या रथसप्तमीला एक जरी काठी उठली, तर दोन्ही शाळांना कुलूप. टेकडीवरच्याही आणि बाजारातल्याही. कायमचं.

या दवंडीने सगळ्यात जास्त घाबरला तो केरबा, कारण त्याचं घर दोन्ही शाळांत वाटलेलं होतं. केरबा वाड्यावरची सुतारकामं करायचा, म्हणून थोरला यशवंत दरबारमध्ये फुकट शिकत होता. पण दरबारची माफी घरटी एकालाच. धाकटा दिगंबर मग लोकसेवात गेला, तिथे कारागिरांच्या पोरांना फी नव्हती. सुताराच्या सात पिढ्यांत कोणी सही करायला शिकलं नव्हतं, आणि आता एक पोरगा संस्कृतचे श्लोक म्हणत होता, दुसरा त्रैराशिकं मांडत होता. केरबा संध्याकाळी रंधा बाजूला ठेवून दोघांचं नुसतं ऐकत बसायचा. कळायचं काहीच नाही, पण डोळे भरून यायचे. शाळांना कुलूप लागलं, तर दोघांच्या हातात उद्या लाकूड तासायचा वाकस येणार हे त्याला लख्ख दिसत होतं. वाकस वाईट नाही, पण पोरांना दुसरंही काही यावं असं कुठल्या बापाला वाटत नाही?

केरबाची बायको सोनाबाई दोन्ही सदरे एकाच दोरीवर वाळत घालायची. लाल पुढे दिसला तर शेजारचे लोकसेवावाले नाकं मुरडायचे, निळा पुढे दिसला तर समोरचे दरबारवाले. शेवटी तिने दोन्ही सदऱ्यांच्या बाह्या एकमेकींत अडकवून वाळत घालायला सुरुवात केली. ज्याला जे बघायचं ते बघा, म्हणाली.

भाऊ मात्र दोघेही खेळात अव्वल. यशवंत दरबारचा कप्तान झाला होता. उंचापुरा, डोक्याने खेळणारा. दिगंबर बुटका, काटक, आणि त्याला एक विद्या साधली होती. गड्याच्या मागे धावत तो खांबापाशी यायचा, खांबाला हात घालायचा, सगळं अंग हवेत फेकायचा आणि खांबाभोवती गर्रकन फिरून पलीकडच्या गड्याला टिपायचा. आज पोरं याला काहीबाही इंग्रजी नाव देतात. तेव्हा माळुंगणात हे करणारा दिगंबर एकटाच होता. आदल्या वर्षी त्याने असं टिपलं ते नेमकं यशवंतला. मग काय, गावाला आयतंच मिळालं. वर्षभर यशवंत रस्त्याने निघाला की ओट्यावरून कोणीतरी म्हणायचंच, "काय कप्तान, धाकट्यानं थोरल्याला लोळवलं म्हणं!" यशवंत हसून पुढे जायचा. ते हसू घरी येईपर्यंत टिकत नव्हतं, हे सोनाबाईला दिसत होतं, पण पोरं मोठी झाली की आईने विचारायचं तरी किती?

तर त्या वर्षीची रथसप्तमी उजाडली. सामन्याचे खांब दरवर्षी केरबाच करायचा. मधला माळ एरवी गुरांचा, म्हणून खांब कायमचे नसत. जमिनीत दगडी उखळं पुरलेली होती, ती आजही आहेत. सामन्याच्या सकाळी उखळात खांब उभा करायचा, चारी बाजूंनी बाभळीच्या चार पाचरी ठोकायच्या, वर मुरूम दाबायचा आणि सारवून घ्यायचं. चार पाचरी बसल्या की तो खांब हत्तीलाही हलत नसे. दोन काढल्या तर? उभा तसाच दिसे, पण भार पडला की दगा देई. हे सुताराखेरीज कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. किंवा सुताराच्या पोराखेरीज.

केरबाने त्या सकाळी दोन्ही खांब रोवले, सोनाबाईने सारवलं. सारवण वाळेपर्यंत कोंबड्या-शेरडांनी तुडवू नये म्हणून केरबाने दोन्ही पोरांना एकेका खांबाशी बसवलं आणि तो दिवाणसाहेबांना वर्दी द्यायला वाड्यावर गेला. थोड्या वेळाने लोकसेवाची पोरं दिगंबरला सरावाला घेऊन गेली. पश्चिमेच्या खांबाशी यशवंत एकटाच राहिला.

बारा वाजता दिवाणसाहेबांच्या हातून खांबांपुढे नारळ फुटला. नारळ फुटल्यावर सामना संपेपर्यंत खांबाला कोणी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वासच तेवढा होता ना! प्रत्येक खांबापाशी एक दरबारचा आणि एक लोकसेवाचा असे दोन पहारेकरी उभे राहिले, आणि ते खांबापेक्षा एकमेकांवरच जास्त नजर ठेवून होते.

केरबा जेवायला घरी आला. जेवण्याआधी आंघोळ करावी म्हणून न्हाणीच्या चुलीत लाकूड सारायला वाकला, तर जळणात दोन पाचरी. बाभळीच्या, कालच तासलेल्या. पूर्वेच्या खांबाच्या पाचरीवर तो एक खाच पाडायचा, पश्चिमेच्या पाचरीवर दोन. या दोघींवर दोन-दोन खाचा होत्या.

असं सांगतात की केरबा त्या चुलीपुढे बराच वेळ बसून राहिला. पश्चिमेच्या खांबाशी कोण बसलं होतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. आणि त्या खांबावर अंग फेकणारा साऱ्या मैदानात एकच होता. खांब कलंडला तर दिगंबरचं डोकं कुठे आपटणार? उखळाच्या दगडी काठावर. यशवंतला हे कळलं नसेल, असं बापाचं मन म्हणत होतं. कळलं असूनही केलं असेल तर? एका पोराचं डोकं फुटेल याची भीती होतीच. पण दुसरं पोरगं आपल्याला कळलंच नाही की काय, ही भीती त्याहून मोठी होती.

तो जेवला नाही. पाचरी धोतराच्या कनवटीला खोचल्या आणि माळाकडे पळत सुटला.

माळ माणसांनी फुलला होता. लाल बाजू एकीकडे, निळी दुसरीकडे, मध्ये मंडपात राजेसाहेब. काठ्यांना बंदी होती म्हणून लोकांनी छत्र्या आणल्या होत्या. माघाच्या महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि दोन्हीकडे मिळून तीनशे छत्र्या! ऊन लागतं म्हणे. एकेका छत्रीचा दांडा मनगटाएवढा जाड.

संघ मैदानात उतरून ओळीने उभे होते. केरबाने लांबून यशवंतकडे पाहिलं. यशवंतने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता शंकाच उरली नाही.

करायचं काय? दिवाणसाहेबांना सांगावं, तर त्याच क्षणी छत्र्यांच्या काठ्या होणार. दरबारच्या कप्तानाने लोकसेवाच्या पोराचा जीव घ्यायला खांब सैल केला! भाऊ वगैरे कोण बघतो? डोकी फुटणार, शाळांना कुलूप लागणार, आणि यशवंतचं नाव जन्मभर डागलेलं राहणार. गुपचूप पाचरी ठोकाव्यात, तर खांबाला हात लावायला बंदी, आणि केरबा तर दोन्ही बाजूंना संशयित. गप्प बसावं, तर दिगंबर. तुतारीवाल्याने तुतारी उचलली होती.

केरबा चालत मैदानाच्या मधोमध गेला. पागोटं काढून हातात घेतलं आणि मंडपापुढे वाकला.

"सरकार, सामना सुरू करू नगा. सुताराचा मान ऱ्हायलाय."

दिवाणसाहेब म्हणाले, "कसला मान? आजवर कधी ऐकला नाही."

जन्मात केरबाने कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि पहिलं सांगायची वेळ आली ती राजापुढे. पण त्याच्या तोंडून असं काही निघालं की जणू सात पिढ्या तेच करत आल्या आहेत.

"लग्नाच्या मांडवाची मेढ रोवली की वडीलधाऱ्यानं तिला पाठ लावायची असती सरकार. न्हाईतर मांडव टिकत न्हाई. ह्यो बी मांडवच हाय. गेल्या साली मान चुकला, आन् चौदा डोस्की फुटली. औंदा दाजीशास्त्री गुर्जींनी तेवढी पाठ लावावी. पश्चिमेच्या खांबाला."

असली चाल ना कुठल्या मांडवात होती ना पुराणात. दिवाणसाहेबांनी भुवया चढवल्या. नारळ फुटला आहे, आता खांबाला हात लावता येणार नाही, म्हणाले. तेव्हा राजेसाहेब म्हणे हसले. "हात लावायचा नाही, एवढंच ठरलंय. पाठीचं काही ठरलेलं नाही. शास्त्रीबुवा, जा, त्याचं समाधान करा."

दाजीशास्त्री म्हणजे दरबारचे मुख्याध्यापक. वय सत्तरीच्या पुढे. दोन पावसाळ्यांमागे घाटाच्या पायरीवरून घसरून त्यांची कंबर मोडली होती, तेव्हापासून काठी टेकत चालायचे. पण या माणसाबद्दल वाईट बोलणारा लोकसेवावालासुद्धा माळुंगणात नव्हता. यशवंतला तर त्यांनी हाताला धरून पहिलं 'श्री' गिरवायला शिकवलं होतं. सुताराचा पोरगा संस्कृत शिकून काय करणार, असं वाड्यावर कोणीतरी म्हणालं, तेव्हा शास्त्रीबुवा तीन दिवस वाड्याची पायरी चढले नव्हते.

केरबाने त्यांचंच नाव का घेतलं, हे आता लक्षात आलं असेल. पुन्हा पडले तर हे म्हातारे उठायचे नाहीत हे त्याला माहीत होतं. मोठं पाप होतं ते. म्हणून तो शास्त्रीबुवांच्या मागोमाग गेला आणि पडलेच तर झेलायला खांबापासून दोन पावलांवर थांबला. पण त्याची नजर शास्त्रीबुवांवर नव्हती, यशवंतवर होती. मनातल्या मनात तो कुलदैवताला म्हणत होता, पोरगं माझं आहे ना? मग त्याला तोंड उघडू दे.

शास्त्रीबुवा एकेक पाऊल टाकत खांबापाशी आले. काठी एका पोराच्या हातात दिली. उपरणं सारखं केलं. लोकांकडे तोंड केलं आणि मागे खांब किती लांब आहे याचा अंदाज घेत पाऊल मागे टाकलं. यशवंतचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. शास्त्रीबुवांनी दुसरं पाऊल मागे टाकलं आणि अंग सैल सोडलं.

"गुर्जी, टेकू नगा!"

ओरडत यशवंत रांगेतून सुटला तो थेट येऊन त्याने शास्त्रीबुवांना कवेत धरलं. म्हातारा त्याच्या छातीवर टेकला, खांबाला उपरण्याचं टोक तेवढं लागलं. यशवंत हुंदके देत होता, पण बोलला ते सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलला.

"ह्या खांबात दम न्हाई. दोन पाचरी मी काढल्यात. दुसऱ्या कुणाचा हात न्हाई यात. मी एकट्यानं."

मग निळ्या बाजूने एक छत्री वर झाली. मागोमाग दहा, वीस, पन्नास. समोर लाल बाजूच्याही झाल्या. राजेसाहेब मंडपात उठून उभे राहिले.

तेवढ्यात दिगंबर पळत निघाला. आता हा भावाच्या तोंडात मारणार आणि तिथून पेटणार, असं सगळ्यांना वाटलं. दिगंबर यशवंतपुढे येऊन थांबला. धाप लागली होती.

"दादा, माझं टकुरं फुटलं असतं की रं."

"मला वाटलं नुसता निसटशील," यशवंत म्हणाला. "एकदा निसटशील, लोक हसतील. मला हसत्यात तसं तुला हसतील. उखळाचा काठ डोक्यात आलाच न्हाई माझ्या. नारळ फुटल्यावर आला. मग तोंड उघडायचं धाडस हुईना."

दिगंबरने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं, आणि मग तीच निळी बाही भावाच्या तोंडावरून फिरवली. सोनाबाईच्या मागे बसलेल्या बायका सांगायच्या, की बाहीने नाक पुसलं तरी आयुष्यात पहिल्यांदाच ती पोराला रागावली नाही.

छत्र्या वर होत्या तशाच राहिल्या. खालीही येईनात, पुढेही येईनात.

दाजीशास्त्रींनी विचारलं, "पाचरी कुठे आहेत?"

केरबाने धोतराच्या कनवटीतून दोन पाचरी काढून पुढे केल्या. शास्त्रीबुवांनी पाचरींकडे पाहिलं, मग केरबाकडे. त्यांना सगळं कळलं.

"म्हणजे केरबा, माझ्या कमरेवर पैज लावलीत होय?"

"न्हाई गुर्जी, पोराच्या जिभेवर लावली," केरबा म्हणाला आणि त्यांच्या पायांवर पडला.

शास्त्रीबुवांनी त्याला उठवलं. मग यशवंतकडे वळले. आवाज चढवला नाही. कप्तानी आजपासून दुसऱ्याकडे, म्हणाले, आणि आज तू खेळायचं नाहीस. पाचरी काढल्यास, त्या तूच ठोकायच्या, सगळ्यांदेखत. आणि सामना संपेपर्यंत या खांबाशी बसून राहायचं. यशवंत गुडघ्यांवर बसला. हाताने मुरूम उकरला. दिगंबरने खांब सरळ धरला आणि केरबाने हातोडा दिला. चार पाचरी पुन्हा घट्ट बसल्या. नियम मोडून खांबाला तिघांचे हात लागले होते, पण दिवाणसाहेब म्हणे त्या वेळी आभाळातल्या घारी मोजत होते.

शास्त्रीबुवा पुन्हा पाठ लावायला वळले, तसा निळ्या बाजूने एक तरुण माणूस पुढे आला. लोकसेवाचे मुख्याध्यापक हरिभाऊ कोळवणकर, तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांच्याच हातात सगळ्यात जाड दांड्याची छत्री होती.

"शास्त्रीबुवा, थांबा," हरिभाऊ म्हणाले. "या खांबावर अंग टाकणार ते माझं पोरगं. तेव्हा याला मी टेकतो. तुमच्या पोराने ठोकलेला आहे, मी टेकतो."

त्यांनी छत्री दाजीशास्त्रींच्या हातात दिली, काठीऐवजी. शास्त्रीबुवा ती टेकत टेकत सगळं मैदान ओलांडून पूर्वेच्या खांबाकडे गेले. आणि एकाच वेळी दोघांनी पाठ लावली. दोन्ही खांब हलले नाहीत. लोकांनी छत्र्या अर्ध्या खाली घेतल्या. पुरत्या नाही. माणसाचं मन एवढ्या लवकर वळत नाही.

सामना सुरू झाला. आता सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. लोकसेवाचा पाठलाग आला, दिगंबरला खो मिळाला, तो गड्याच्या मागे पश्चिमेकडे धावला आणि खांबापाशी येऊन पायांनीच वळसा घालून गेला. हात घातला नाही. गडी निसटला. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदाही. निळी बाजू गप्प झाली. एवढंच नव्हे, लाल बाजूही गप्प झाली. पोराच्या मनातून खांब उखडला होता, आणि तिथे ठोकायला बाभळीच्या पाचरी चालत नाहीत. केरबा मंडपाच्या बांबूला धरून उभा होता. पोरगं जिवंत आहे, धडधाकट आहे, शाळांना कुलूप नाही, आणखी काय पाहिजे, असं तो स्वतःला समजावत होता. पण त्याला आणखी पाहिजे होतं. घरी गेल्यावर दोघे एका ताटात जेवतील की नाही, ते इथेच ठरणार होतं.

चौथ्यांदा दिगंबर खांबाकडे आला तेव्हा खांबाशी बसलेला यशवंत ओरडला. लाल सदरा घालून, आपल्याच संघाचा गडी समोर पळत असताना ओरडला.

"दिगू, घाल हात! मी हाय हितं!"

दिगंबरने हात घातला. सगळं अंग हवेत फेकलं. खांब कुरकुरला, बाभूळ दगडाला घासल्याचा आवाज झाला, आणि दिगंबर भावाच्या डोक्यावरून गर्रकन फिरून पलीकडे गेला.

खांब जागचा हलला नाही.

त्या गिरकीत गडी बाद झाला की नाही, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत, आणि ती कोण कोणत्या कॉलेजात शिकला त्यावर ठरतात. सामना कोणी जिंकला, याचीही तीच गत. पण एका गोष्टीवर दुमत नाही. खांब टिकला त्या क्षणी मधल्या माळावरून एक मोठा सुस्कारा उठला. हुश्श! तो आधी लाल बाजूने उठला, असं लोकसेवावालेसुद्धा कबूल करतात. आणि मग तीनशे छत्र्या खाली आल्या. केरबा मटकन मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. सोनाबाई कोणाची पर्वा न करता बायकांतून उठून त्याच्याजवळ येऊन बसली.

त्या रात्री दोघे भाऊ एका ताटात जेवले म्हणे. शाळांना कुलूप लागलं नाही. यशवंत पुढे दरबारमध्येच संस्कृत शिकवायला लागला आणि दिगंबर लोकसेवात गणित. भांडणं संपली, असं मात्र मुळीच समजू नका. पोस्टर फाडणं, घोषणा देणं, एकमेकांच्या स्नेहसंमेलनाची वीज घालवणं, सगळं जोरात चालू आहे. हलवाई अजून दोन आहेत आणि दोघांचेही पेढे चांगले असतात.

पण आजही रथसप्तमीला दोन्ही प्राचार्य खांबांपाशी उभे राहून अंग मागे सोडायला लागले, की चार हजार पोरांचा तो गोंधळ एकदम बंद होतो. ढोल थांबतात, मोबाईल खाली येतात. लाल आणि निळी, दोन्ही बाजूंची पोरं श्वास रोखून समोरच्यांच्या प्राचार्यांकडे बघतात, कारण त्यांच्यामागचा खांब आपल्या कप्तानाने रोवलेला असतो. आणि खांब टिकला की सगळ्या माळावरून एकच सुस्कारा निघतो. वर्षभरात ही दोन कॉलेजं मिळून करतात, अशी ती एकच गोष्ट आहे.